एक्झी फाइलमध्ये आयकॉन, आवृत्ती आणि डेटा कसा बसवायचा

सी किंवा सी++ मधला प्रोग्राम पहिल्यांदा कंपाइल केला की एक्झी फाइल मिळते आणि ती चालतेही. पण एक्सप्लोररमध्ये तिला विंडोजचा ठोकळेबाज आयकॉन असतो, प्रॉपर्टीजमधला डिटेल्स टॅब जवळपास रिकामा असतो, टास्क मॅनेजरमध्ये नुसतं फाइलचं नाव दिसतं आणि जास्त रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर खिडकीतली अक्षरं धूसर येतात. यातलं काहीही तुमच्या कोडमुळे होत नाही. ही सगळी माहिती एक्झीच्या पोटात वेगळी बसवावी लागते आणि ती बसवण्याचं काम मुख्यतः एका छोट्या मजकूर फाइलवर होतं.

काम सोपं आहे, पण यातल्या चुका आवाज करत नाहीत. बिल्ड बिनतक्रार पूर्ण होतो, तुमच्या मशीनवर सगळं ठीक दिसतं आणि दुसऱ्याच्या मशीनवर आयकॉन जुना, आवृत्ती रिकामी किंवा प्रोग्राम उघडायलाच तयार नाही. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर काय बिघडतं तेही दिलं आहे. आज्ञा, गुणधर्म आणि विस्तारांची नावं इथे देवनागरीत आहेत; प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची.

फाइलच्या पोटात काय असतं

विंडोजच्या एक्झी आणि डीएलएल दोन्ही फाइलींचा साचा पीई नावाचा आहे. त्यात कोडचा वेगळा भाग, डेटाचा वेगळा भाग आणि रिसोर्सचा, म्हणजे आयकॉन, आवृत्ती अशा जोडमाहितीचा, वेगळा भाग असतो. या शेवटच्या भागाचं नाव डॉट आरएसआरसी. त्याची रचना तीन पातळ्यांच्या झाडासारखी असते: आधी प्रकार, मग आयडी, मग भाषा. प्रकारांना ठरलेले क्रमांक आहेत. एकेकटं आयकॉन-चित्र ३, मजकुराच्या ओळी ६, कच्चा डेटा म्हणजे आरसीडेटा १०, आयकॉनचा गट १४, आवृत्तीची माहिती १६ आणि मॅनिफेस्ट २४. आयडी आकडा असू शकतो किंवा नाव. हा ‘आकडा की नाव’ मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यावरच बरंच घोडं अडतं.

आयकॉन तयार करणे

आयसीओ ही एका चित्राची फाइल नव्हे, त्यात एकाच आयकॉनचे वेगवेगळे आकार असतात. निदान १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेल हे चार आकार द्या. स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असलेल्या स्क्रीनसाठी २० आणि २४ हेही घाला. १६ चा आकार मोठं चित्र लहान करून बनवू नका, तो वेगळा रेखाटा. बारीक रेषा आणि अक्षरं त्या आकारात चिखल होतात.

२५६ चा आकार पीएनजीने आवळून ठेवायचा. न आवळता फक्त त्या एका चित्राला २५६ × २५६ × ४ म्हणजे २,६२,१४४ बाइट लागतात. लहान आकार मात्र साध्या बिटमॅपच्या स्वरूपात ठेवा, जुन्या साधनांना तेच झेपतं. खूप जुना रिसोर्स कंपायलर (रिसोर्सची मजकूर फाइल एक्झीत बसण्याजोगी करणारं साधन) पीएनजीचा आकार बघून आरसी२१७६ ही चूक देतो आणि ‘जुना डीआयबी’ म्हणजे जुना बिटमॅप असा दिशाभूल करणारा संदेश दाखवतो; इलाज म्हणजे नवा एसडीके, म्हणजे विंडोजच्या विकास-साधनांचा संच. आरसी२१७५ आली तर बहुतेक वेळा कोणीतरी पीएनजी फाइलचं नुसतं नाव बदलून आयसीओ केलेलं असतं. नाव बदलून साचा बदलत नाही, रूपांतर करावं लागतं. इमेजमॅजिक किंवा गिम्प दोन्हीत ते होतं.

आरसी फाइल लिहिणे

आता प्रोजेक्टमध्ये डॉट आरसी विस्ताराची एक फाइल करा. तिच्यातली आयकॉनची ओळ तीन शब्दांची असते: आयडी, प्रकार, फाइल. म्हणजे १, मग आयकॉन, मग अवतरणचिन्हांत आयसीओचं नाव.

एक्झीत अनेक आयकॉन असले तर एक्सप्लोरर कोणता दाखवतो? रिसोर्सच्या झाडात जो गट पहिला येतो तो. नाव दिलेले गट आधी, वर्णक्रमाने. त्यांच्यानंतर आकड्यांचे, चढत्या क्रमाने. त्यामुळे मुख्य आयकॉनला १ दिला आणि दुसऱ्या एखाद्या आयकॉनला नाव देऊन ठेवलं, तर एक्सप्लोरर तो दुसराच दाखवेल. सगळ्यांना आकडेच द्या आणि मुख्य आयकॉनचा आकडा सर्वांत लहान ठेवा.

फाइलच्या वाटेत उलटी तिरकी रेघ वापरताना ती दुहेरी लिहा. आरसी फाइलमध्ये ती रेघ आणि पुढचं अक्षर मिळून खास अर्थ होतो: रेघ आणि एन म्हणजे नवी ओळ, रेघ आणि टी म्हणजे टॅब. ‘न्यू’ नावाची आयसीओ फाइल उपफोल्डरमध्ये असली की नेमकी ती सापडत नाही, बाकीच्या सापडतात. त्यापेक्षा सरळ तिरकी रेघ वापरा, ती सगळीकडे चालते.

खिडकीच्या शीर्षकपट्टीवरचा आयकॉन आपोआप येतो असं समजू नका. एक्सप्लोरर फाइल वाचतो, पण खिडकी तिच्या विंडो क्लासमध्ये दिलेला आयकॉन दाखवते. विन३२ मध्ये, म्हणजे थेट विंडोजच्या फंक्शनांवर, लिहीत असाल तर डब्ल्यूएनडीक्लास-ईएक्स या रचनेत मोठ्या आणि लहान अशा दोन्ही आयकॉनचे हँडल भरावे लागतात.

आवृत्तीची माहिती

हा भाग सर्वांत किचकट. व्हर्जनइन्फो नावाचा एक ठोकळा लिहायचा, त्याचे दोन हिस्से असतात.

पहिला हिस्सा आकड्यांचा. फाइलव्हर्जन आणि प्रॉडक्टव्हर्जन, दोन्हीत स्वल्पविरामाने तोडलेले चार आकडे, प्रत्येक १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५५३५. तारखेवरून २०२५०११५ असा सलग आकडा एका घरात मावत नाही. वर्ष पहिल्या घरात, महिना-दिवस दुसऱ्या घरात असं तोडा.

दुसरा हिस्सा मजकुराचा. त्याचं नाव स्ट्रिंगफाइलइन्फो आणि त्यात कंपनीचं नाव, फाइलचं वर्णन, अंतर्गत नाव, मूळ फाइलनाव, कॉपीराइट, उत्पादनाचं नाव आणि दोन्ही आवृत्त्या मजकूर म्हणून पुन्हा एकदा असतात. यातलं फाइलचं वर्णन म्हणजे फाइलडिस्क्रिप्शन नीट लिहा. टास्क मॅनेजर आणि ‘ओपन विथ’ची यादी प्रोग्रामचं नाव म्हणून तेच दाखवतात. तिथे दोन ओळींचं वर्णन लिहिलं की टास्क मॅनेजरमध्ये तो अख्खा निबंध दिसतो. इथे फक्त प्रोग्रामचं नाव द्यायचं, नावाच्या रकान्यात शोभेल तेवढंच.

आकड्यांचा आणि मजकुराचा हिस्सा एकमेकांना तपासत नाहीत. एकात १.४ आणि दुसऱ्यात १.३ राहिलं तरी कंपायलर काही बोलत नाही. मग एखादं साधन एक दाखवतं, दुसरं दुसरं, आणि तक्रार आल्यावर नेमकी कोणती बिल्ड आहे ते कळत नाही. म्हणून आवृत्ती हाताने दोन ठिकाणी लिहूच नका. एका हेडरमध्ये ठेवा आणि दोन्हीकडे तिथूनच घ्या, किंवा सीमेक ही बिल्ड व्यवस्था वापरत असाल तर कॉन्फिगर-फाइलने साच्यावरून आरसी फाइल तयार करून घ्या.

एमएसआय म्हणजे विंडोज इन्स्टॉलर जुनी फाइल बदलायची की नाही हे आकड्यांच्या हिस्स्यावरून ठरवतो. फाइलचे चारही आकडे तो बघतो. पण खुद्द एमएसआय पॅकेजच्या उत्पादन-आवृत्तीत त्याला पहिले तीनच आकडे मोजता येतात, आणि तिथे मर्यादाही वेगळी आहे: २५५, २५५, ६५५३५. चौथा आकडा वाढवून नवं पॅकेज दिलं तर विंडोज इन्स्टॉलरच्या लेखी ती जुनीच आवृत्ती.

मजकुराच्या ठोकळ्याला आठ अक्षरांचं एक नाव असतं. पहिली चार भाषेचा क्रमांक, नंतरची चार अक्षरसंचाचा क्रमांक, दोन्ही हेक्समध्ये. अमेरिकी इंग्रजी आणि युनिकोड यांसाठी ते ०४०९०४बी० असं होतं. मराठीचा क्रमांक ०४४ई आहे, म्हणून मराठी मजकुरासाठी ०४४ई०४बी०. त्याखाली व्हारफाइलइन्फोमध्ये ट्रान्सलेशन नावाची एक ओळ असते, तिच्यात हेच दोन आकडे पुन्हा लिहायचे: दशमानात ११०२ आणि १२००. ही जोडी जुळली नाही तर वाचणाऱ्या साधनाला ठोकळा सापडत नाही. बरीच साधनं मग शेवटचा उपाय म्हणून इंग्रजीच्या ठरावीक नावांचे ठोकळे शोधून बघतात. त्यामुळे चूक इंग्रजीत खपून जाते आणि भाषा बदलल्याक्षणी डिटेल्स टॅब रिकामा होतो. लोक मग फॉन्टला दोष देत बसतात.

आणखी एक गाळात घालणारी चूक. व्हर्जनइन्फो ठोकळ्याचा आयडी १ असावाच लागतो. नमुन्यांमध्ये तिथे आकड्याऐवजी व्हीएस-व्हर्जन-इन्फो असं चिन्ह लिहिलेलं असतं आणि ते विन्व्हर नावाच्या हेडरमध्ये १ म्हणून ठरवलेलं आहे. हेडर जोडायला विसरलात तर रिसोर्स कंपायलर त्या चिन्हालाच नाव समजतो आणि त्या नावाने रिसोर्स बसवतो. चूक नाही, इशारा नाही. माहिती फाइलमध्ये आहे, पण कोणालाच दिसत नाही. तुमच्या इतर रिसोर्सच्या आयडींचंही हेच. आयडी ठरवणारं हेडर सी++ फाइलमध्ये जोडलं आणि आरसी फाइलमध्ये जोडायचं राहिलं, की कोड १०१ शोधतो आणि रिसोर्स नावाने बसलेला असतो.

देवनागरी मजकूर किंवा कॉपीराइटचं चिन्ह असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा आणि अगदी वर प्राग्मा कोडपेज ६५००१ ही ओळ लिहा. विंडरेसला (मिंगडब्ल्यूच्या रिसोर्स कंपायलरला) हाच आकडा कोडपेजच्या पर्यायाने आज्ञेतही देता येतो. ती नसेल तर कंपायलर मशीनचा ठरलेला अक्षरसंच गृहीत धरतो आणि कॉपीराइटच्या चिन्हाआधी एक आगंतुक अक्षर चिकटतं.

कंपनीचं नाव भरलं की परवानगी विचारणाऱ्या खिडकीतला ‘अनोळखी प्रकाशक’ हा शेरा जाईल, असं अनेकांना वाटतं. तो जात नाही. प्रकाशकाचं नाव डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रातून येतं, रिसोर्समधून नाही. तसं असतं तर कोणीही कोणाचंही नाव लावलं असतं.

मॅनिफेस्ट

मॅनिफेस्ट ही एक्सएमएल फाइल. प्रोग्रामला विंडोजने कसं वागवायचं हे ती सांगते. एक्झीत तिचा आयडी १, डीएलएलमध्ये २, प्रकार २४. नव्या प्रोग्रामसाठी यातल्या पाच गोष्टी बघाव्यात.

अधिकारांची पातळी: बहुतेक प्रोग्रामना अ‍ॅज-इन्व्होकर पुरते. रिक्वायर-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर फक्त खरंच गरज असेल तर. ही ओळ अजिबात नसेल आणि प्रोग्राम ३२ बिटांचा असेल तर विंडोज दोन गोष्टी स्वतःच्या मनाने करतं. फाइलच्या नावात सेटअप, इन्स्टॉल किंवा अपडेट असेल तर तो इन्स्टॉलर समजून प्रशासकाची परवानगी मागतं. आणि प्रोग्राम फाइल्समध्ये केलेलं लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोर फोल्डरमध्ये वळवतं. म्हणूनच जुन्या प्रोग्रामला मॅनिफेस्ट जोडला की वापरकर्त्यांच्या सेटिंग्ज ‘गायब’ होतात. त्या व्हर्च्युअलस्टोरमध्येच असतात, प्रोग्राम तिथे बघायचं थांबलेला असतो.

विंडोजची आवृत्ती: सपोर्टेड-ओएसच्या यादीत विंडोज ८.१ किंवा १० चा ओळखक्रमांक नसेल तर गेटव्हर्जनएक्स हे फंक्शन विंडोज १० वरही ६.२ म्हणजे विंडोज ८ चा आकडा देतं.

डीपीआय म्हणजे स्क्रीनची पिक्सेल-घनता: डीपीआय-अवेअरनेसमध्ये परमॉनिटरव्ही२ लिहिलं की विंडोज खिडकीचं चित्र ताणणं थांबवतं आणि अक्षरं स्वच्छ होतात. पण मग आकारमानाचं गणित तुमच्या कोडला करावं लागतं. ते न करता नुसती ओळ लिहिली तर धूसर अक्षरांच्या जागी अगदी चिमुकली अक्षरं येतात. तयारी नसेल तर ही ओळ तूर्त टाळलेली बरी.

नियंत्रणांचं रूप: कॉमन-कंट्रोल्स आवृत्ती ६.०.०.० वर अवलंबित्व नोंदवलं नाही तर बटणं विंडोज २००० च्या काळातली दिसतात. यात प्रोसेसर-आर्किटेक्चरच्या जागी तारा लिहा. नमुन्यातलं एक्स८६ तसंच ठेवून ६४ बिटांचा प्रोग्राम बनवला तर तो उघडणारच नाही.

यूटीएफ-८ आणि लांब वाटा: अ‍ॅक्टिव्ह-कोडपेज विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून चालतं, लाँग-पाथ-अवेअर १६०७ पासून. दुसऱ्यासाठी रजिस्ट्रीतली परवानगीही चालू असावी लागते. फक्त मॅनिफेस्टने २६० अक्षरांची मर्यादा उठत नाही.

मॅनिफेस्टमध्ये एक चूक असली तरी प्रोग्राम सुरूच होत नाही आणि ‘साइड-बाय-साइड कॉन्फिगरेशन’ चुकीचं आहे असा संदेश येतो. नेमकं कारण त्या संदेशात नसतं, ते इव्हेंट व्ह्यूअरमधल्या अ‍ॅप्लिकेशन नोंदींत मिळतं, ओळ क्रमांकासकट. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे असेंब्ली-आयडेंटिटीमधली आवृत्ती: तिथे चार आकडे लागतातच, १.०.० चालत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओचा लिंकर स्वतःहून एक मॅनिफेस्ट बनवून बसवतो. आरसी फाइलमधून तुम्हीही बसवला तर दोन होतात आणि सीव्हीटी११०० व त्यामागोमाग एलएनके११२३ अशा चुका येतात. दोनांतला एकच मार्ग ठेवा: आरसीतली ओळ काढून मॅनिफेस्ट फाइल प्रोजेक्टच्या मॅनिफेस्ट टूल सेटिंगमध्ये द्या, किंवा लिंकरला मॅनिफेस्ट बनवू नको असं सांगा. आम्ही पहिला मार्ग सुचवू. लिंकर आपल्या बाजूच्या ओळी तुमच्या ओळींत मिसळून देतो.

स्वतःचा डेटा बसवणे

साचे, फॉन्ट, छोटी चित्रं, डेटाबेसची सुरुवातीची रचना अशा फाइली आरसीडेटा प्रकाराने बसतात. ओळ तशीच: आयडी, आरसीडेटा, फाइलचं नाव. चालू प्रोग्राममधून वाचायला चार फंक्शन क्रमाने बोलवायची: फाइंड-रिसोर्स, साइझऑफ-रिसोर्स, लोड-रिसोर्स, लॉक-रिसोर्स. शेवटच्यातून मिळणारा पॉइंटर थेट मेमरीत आलेल्या फाइलकडे असतो. तो मोकळा करायचा नाही, त्यात लिहायचंही नाही. लिहिलंत तर प्रोग्राम तिथेच कोसळतो.

मजकूर फाइल बसवली तर तिच्या शेवटी शून्य बाइट नसतो. स्ट्रलेन लावलंत तर ते पुढच्या रिसोर्समध्ये घुसेपर्यंत मोजत राहतं, आणि बरेचदा शेजारी योगायोगाने शून्य असतं म्हणून चाचणीत सगळं ठीक वाटतं. लांबी नेहमी साइझऑफ-रिसोर्सकडून घ्या. रिसोर्स डीएलएलमध्ये असेल तर फाइंड-रिसोर्सला त्या डीएलएलचा हँडल द्या. नल दिलात तर शोध मुख्य एक्झीत होतो.

काही एमबीपर्यंतचा डेटा आत ठेवणं सोयीचं. शेकडो एमबीचे व्हिडिओ किंवा नकाशे शेजारच्या फाइलीतच ठेवा, नाहीतर प्रत्येक छोट्या दुरुस्तीला वापरकर्त्याला सगळं पुन्हा उतरवून घ्यावं लागतं. आणि पासवर्ड, सर्व्हरच्या किल्ल्या आत ठेवू नका. सेव्हन-झिपने कोणीही एक्झी उघडून रिसोर्सचं फोल्डर बघू शकतं.

कंपाइल आणि लिंक

मायक्रोसॉफ्टच्या साखळीत आरसी हा कंपायलर आरसी फाइलवरून आरईएस फाइल बनवतो आणि लिंकरला ती थेट देता येते. मिंगडब्ल्यू या विंडोजसाठीच्या जीसीसी साखळीत हे काम विंडरेस करतो, पण त्याच्याकडून कॉफ साच्यातली ऑब्जेक्ट फाइल घ्यायची असते. त्यासाठी आउटपुटचा साचा कॉफ असा स्पष्ट लिहा आणि फाइलला डॉट ओ असा विस्तार द्या. विस्तार आरईएस दिला आणि साचा सांगितला नाही, तर विंडरेस आरईएस साचाच बनवतो आणि ग्नूचा लिंकर ती फाइल ओळखत नाही. ६४ बिटांच्या प्रोग्रामला ३२ बिटांची रिसोर्स ऑब्जेक्ट दिली तर आर्किटेक्चर विसंगत असल्याची चूक येते. इतरांच्या मानाने ही चूक भली, निदान बोलते तरी.

न बोलणाऱ्या दोन. एक, रिसोर्स स्टॅटिक लायब्ररीत ठेवले तर ते एक्झीपर्यंत पोहोचत नाहीत. आरसी फाइल एक्झीच्याच टार्गेटमध्ये हवी. दोन, आयसीओ फाइल बदलली पण आरसी फाइल बदलली नाही, तर अनेक बिल्ड व्यवस्थांना काही बदललं आहे हे कळतच नाही. मेकमध्ये आयसीओ आणि मॅनिफेस्ट या फाइली अवलंबित्वाच्या यादीत हाताने लिहा, सीमेकमध्ये ऑब्जेक्ट-डिपेंड्स हा गुणधर्म लावा.

दुसऱ्या भाषांत

डॉटनेटमध्ये आरसी फाइलची गरज नसते. सीएसप्रोज फाइलमध्ये अ‍ॅप्लिकेशन-आयकॉन, अ‍ॅप्लिकेशन-मॅनिफेस्ट, व्हर्जन, कंपनी, प्रॉडक्ट हे गुणधर्म भरायचे. मात्र एक्झीतलं फाइलडिस्क्रिप्शन असेंब्ली-टायटलमधून येतं, डिस्क्रिप्शनमधून नाही. डिस्क्रिप्शन जातं कॉमेंट्समध्ये. डॉटनेट ८ च्या एसडीकेपासून उत्पादन-आवृत्तीच्या शेवटी अधिकचं चिन्ह आणि गिट कमिटचा लांबलचक हॅश लागतो. नको असेल तर इन्क्लूड-सोर्स-रिव्हिजन-इन-इन्फर्मेशनल-व्हर्जन हा गुणधर्म फॉल्स करा. एम्बेडेड-रिसोर्स म्हणून बसवलेल्या फाइलचं नाव मूळ नेमस्पेस, फोल्डर आणि फाइल टिंबांनी जोडून होतं. नाव चुकलं तर गेट-मॅनिफेस्ट-रिसोर्स-स्ट्रीम चूक न देता नल देतं. अशा वेळी गेट-मॅनिफेस्ट-रिसोर्स-नेम्सने खरी यादी छापून बघा.

गोमध्ये गो-विनरेससारखं साधन सिसो विस्ताराची फाइल बनवतं; ती मुख्य पॅकेजच्या फोल्डरमध्ये ठेवली की बिल्ड ती आपोआप उचलतो. पण बिल्डला फोल्डरऐवजी एकेका गो फाइलचं नाव दिलंत तर सिसो फाइल गाळली जाते. डेटासाठी गो १.१६ पासून एम्बेडची सोय आहे. रस्टमध्ये बिल्ड स्क्रिप्टमधून विनरिसोर्स क्रेट (लायब्ररी), आणि डेटासाठी इन्क्लूड-बाइट्स. पायइन्स्टॉलरमध्ये आयकॉन आणि व्हर्जन-फाइल असे दोन पर्याय आहेत. एका-फाइलच्या बिल्डमध्ये जोडलेला डेटा चालताना तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो आणि त्याची वाट सिसमधल्या मेइपास या गुणधर्मात असते.

तयार एक्झीत बदल आणि सही

सोर्स हाताशी नसेल तर आरसीएडिट किंवा रिसोर्स हॅकरने तयार एक्झीतला आयकॉन आणि आवृत्ती बदलता येते. दोन पथ्यं पाळा. एका-फाइलच्या पायइन्स्टॉलर बिल्डमध्ये किंवा स्वतः उलगडणाऱ्या आर्काइव्हमध्ये खरा ऐवज पीईच्या शेपटीला चिकटवलेला असतो. रिसोर्स बदलताना ती शेपटी कापली जाऊ शकते आणि मागे उरतो नुसता सांगाडा. बदलाआधी आणि नंतर फाइलचा आकार बघा. ४० एमबीची फाइल ३०० केबी झाली तर समजायचं. अशा फाइलींना माहिती पॅक करतानाच द्यायची.

दुसरं, सही सर्वांत शेवटी. सही फाइलच्या जवळपास सगळ्या बाइटांच्या हॅशवर असते, त्यामुळे सहीनंतर आयकॉनचा एक पिक्सेल बदलला तरी ती अवैध होते. क्रम असा: कंपाइल, लिंक, रिसोर्समधले बदल, सही, मग इन्स्टॉलरमध्ये भरणे आणि इन्स्टॉलरचीही सही. बिल्ड सर्व्हरवर रिसोर्सचा बदल अधूनमधून ‘जतन करता आला नाही’ म्हणून फसत असेल तर नवी एक्झी तपासत बसलेला अँटीव्हायरस फाइल धरून ठेवतोय का ते बघा. काही सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये घालणं पुरतं.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सच्या ईएलएफ साच्यातल्या प्रोग्राम फाइलमध्ये आयकॉनची किंवा आवृत्तीची सर्वमान्य जागा नाही. नाव आणि आयकॉन डेस्कटॉप फाइलमध्ये लिहायचे, चित्रं हायकलर थीमच्या फोल्डरमध्ये आकारानुसार ठेवायची. डेटा आत हवा असेल तर लिंकरला बायनरी इनपुट देऊन ऑब्जेक्ट बनवता येते. तिच्यात सुरुवात, शेवट आणि आकार अशी तीन चिन्हं तयार होतात. चिन्हाचं नाव आज्ञेत लिहिलेल्या वाटेवरून ठरतं, म्हणून दुसऱ्या फोल्डरमधून बिल्ड केला की नाव बदलतं आणि लिंक तुटतो. नवा लिंकर अशा ऑब्जेक्टवर एक्झिक्युटेबल स्टॅकचा इशारा देतो, त्याला नोएक्झेकस्टॅक पर्याय द्या. एक्सएक्सडी या साधनाने सी-अ‍ॅरे बनवणं सोपं, पण एका बाइटला सहाएक अक्षरं खर्च होतात, १ एमबीच्या फाइलचा ६ एमबीचा सोर्स होतो. सी२३ मधला एम्बेड निर्देश जीसीसी १५ आणि क्लँग १९ पासून आहे, तो मिळत असेल तर बाकी खटाटोप सोडा. क्यूट आणि ग्नोमच्या प्रोग्रामना त्यांचे स्वतःचे रिसोर्स कंपायलर आहेतच.

मॅकवर प्रोग्राम म्हणजे फोल्डरच असतो. माहिती इन्फो डॉट पीलिस्टमध्ये, आयकॉन रिसोर्सेसमधल्या आयसीएनएस फाइलमध्ये. ती आयकॉनयुटिलने बनते. असं फोल्डर (बंडल) नसलेल्या कमांड-लाइन साधनात पीलिस्ट बसवायची तर लिंकरचा सेक्टक्रिएट पर्याय आहे. इथेही बदल केल्यावर सही पुन्हा करावी लागते. अ‍ॅपल सिलिकॉनवर तुटलेल्या सहीचा प्रोग्राम चालूच दिला जात नाही.

तपासणी

पॉवरशेलमध्ये गेट-आयटमने एक्झी घ्या आणि तिचा व्हर्जनइन्फो यादीच्या रूपात छापा. त्यात फाइलव्हर्जन हा मजकुराचा हिस्सा आणि फाइलव्हर्जनरॉ हा आकड्यांचा. दोन्ही जुळतात का ते इथे एका नजरेत कळतं. मॅनिफेस्ट एमटी या साधनाने बाहेर काढता येतो किंवा सिसइंटर्नल्सच्या सिगचेकने एम पर्याय देऊन छापता येतो. लिनक्सवरून बिल्ड करत असाल तर आयकोयुटिल्समधला रेसटूल रिसोर्सची यादी देतो: प्रकार, नाव, भाषा, आकार. आयडीच्या जागी आकडा हवा होता आणि नाव दिसतंय, असं असेल तर आरसी फाइलमध्ये हेडर राहिलेलं आहे.

आयकॉन मात्र एक्सप्लोररच्या भरवशावर तपासू नका. तो चित्रं कॅशमध्ये ठेवतो आणि नवी एक्झी त्याच नावाने त्याच जागी आली तर जुनंच चित्र दाखवत राहतो. फाइलची प्रत वेगळ्या नावाने करून बघा. प्रतीवर नवा आयकॉन दिसला तर रिसोर्स बरोबर बसला आहे, फक्त कॅश शिळा आहे. विंडोज १० वर आयई४यूइनिट ही आज्ञा शो पर्यायासह दिली की तो ताजा होतो.

ही तपासणी बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच घाला: आवृत्ती वाचा, अपेक्षित आकड्याशी ताडून बघा, सही वैध आहे का बघा, नसेल तर बिल्ड पाडा. पाच-सहा ओळींचं काम आहे आणि ते सहीच्या पायरीनंतर, इन्स्टॉलर बनण्याआधी चालायला हवं.